पुलाखाली, दुसऱ्या गाळ्यात

संकेश्वरच्या अलीकडं, हिरण्यकेशीवरच्या जुन्या पुलाखाली
रात्री दीडपासून मी मचाणावर बसले आहे,
पाय दुमडून, कानटोपी ओढून.
तुळईच्या पोटाला डायल गेज टेकवलेला,
त्यावर बॅटरीचा उजेड.
वर अडिवेप्पा, तोंडात शिट्टी.
एकदा वाजली तर गाडी रिकामी, दोनदा वाजली तर भरलेली.
तीनदा वाजली की मागं दोन ट्रॉल्या,
ऊस दोरखंडाबाहेर लोंबणारा.

इथून रस्ता दिसत नाही.
पाटीवर केए तेवीस की एमएच नऊ,
कुठल्या फडातून निघालं, कुठल्या कारखान्याला चाललं,
काही नाही.
टेपवरचं गाणं काँक्रीटमधून झिरपतं,
शब्द वरच राहतात, खाली नुसती ढोलकी.
सुईला दोनच गोष्टी कळतात,
किती, आणि कुठं.

बेळगावात पॉलिटेक्निकला मुतगेकर सर
लाकडी पट्टी दोन डस्टरांवर ठेवायचे,
मधोमध खालून स्वतःचं बोट लावायचे
आणि किल्ल्यांचा जुडगा पट्टीवरून सरकवायचे, इंच इंच.
"वजनाच्या मागनं पळू नगासा," म्हणायचे,
"एका जागी हुबं रावा. त्याला येऊ दे, जाऊ दे.
ते जिथं असंल तिथं
तुमच्या जागंला काय झालं ते
त्याच्या पायाखाली मांडा."
आठ फुटांची तुळई. टोकांना शून्य, मध्यावर दोन.
फळ्यावर बुटका तंबू.
मला वाटलं, हा किल्ल्यांचा आलेख.
त्या एका समजुतीपायी सहामाहीत सात मार्क गेले.
किल्ल्या बदलल्या तरी तंबू तोच होता.
तो बोटाचा होता.

तीन शिट्ट्या.

पहिल्या गाळ्यात धूड चढतं
आणि माझी सुई उलटी फिरते.
माझा गाळा वर उचलला जातो, केसभर.
पहिल्या रात्री वाटलं गेज बिघडला,
रुमालानं पुसून पुन्हा लावला.
पण ही सलग तुळई. शेजारची पाठ वाकली
की खांबावरून निरोप इकडं येतो
आणि इथली पाठ नकळत ताठते.
मग ते माथ्यावर येतं.
मातीची बारीक धार माझ्या वहीवर.
पंचेचाळीस. नव्वद. एक बारा.
पहिली ट्रॉली अजून उतरलेली नाही
तोच दुसरी आत येते, तेव्हा
एक एकोणतीस. याच्यावर नाही.
नंतर तिसरा गाळा, सुई पुन्हा उणे,
मग ढोलकी संपते,
आणि सुई शून्यावर.

शून्यावर नाही. तीनवर.
दीड वाजता शून्य होतं, अडीचला एक.
मी पुन्हा पुसते. तीन.

चारला अडिवेप्पा चहाला गेला.
आकडे येतच राहिले, चौऱ्याहत्तर, एक शून्य आठ,
पण कशाचे, ते सांगणारं कुणी नाही.
आधार किती पेलतो हे शोधायचं असेल
तर तो काढून बघा, ही युक्तीही सरांचीच.
वीस मिनिटांच्या त्या पानावर मी काट मारली.
तो परतला, कप खाली देत म्हणाला, "एनात्री?"
मी तीन बोटं दाखवली.

उजाडता उजाडता रायगौडा आला, कारखान्याकडून.
सिझन संपेस्तोवर थांबा म्हणाला, नंतर काय ते बघू.
मी अडिवेप्पाच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं:
एका वेळी एकच ट्रॉली.
पहिला सापडला तो सिद्राम.
दोन्ही भाषांत शिव्या घालत त्यानं पिन काढली,
एक ट्रॉली पलीकडं सोडून आला,
मग दुसरीला.

मी परत खाली उतरले होते.
दोन शिट्ट्या, एकाहत्तर.
एक शिट्टी, बावीस.
पुन्हा दोन, सत्तर.
मधे मधे सुई थांबायची.
तीनवर.